माथाडीचं कोपर

सानपाड्याच्या हाडांच्या दवाखान्यात माझा नंबर अकरावा, शेजारच्या जोडप्याचा दहावा. नवरा, बाजीराव, मार्केटमधला माथाडी. मोडलेल्या उजव्या कोपरात तारा घालून त्याला महिना झाला होता. बायको वेणूबाई त्याचं सुजलेलं कोपर निरखत होती.

“डॉक्टर म्हनले हुते, आपला आपन हळूहळू वाकवा, सरळ करा. तुमी पान्यानं भरलेली बादली लटकवलीसा!”

“सरळ हुईना. वजन लावलं की समदं सरळ हुतं.”

“झालं का?”

“सुजलं.”

“तार सरकली आसंल तर परत चिरतील.”

“चिरू देत. पन गोन मीच उचलनार. मुकादम म्हनतो, झाडू मार. मी झाडू मारू?”

“बरं, बिस्कीट खावा. मी भरवते.”

“आन हिकडं. हात हाय मला.”

“अवं, मान कशाला खाली आनताय? हात वर न्या.”

“मान आजवर कुनापुढं वाकवली न्हाई मी.”

“आत्ता बिस्किटापुढं वाकवलीसा की.”

“गप. आता बघ.”

“तोंडाला आजून चार बोटं ऱ्हायली.”

“ऱ्हाऊ देत. बिस्कीटबी ऱ्हाऊ दे हातात. तोंडापत्तुर हात पोचंल, तवाच खाईन.”