पाच चॅनेलचा अॅम्प्लिफायर सुस्थितीत मिळाल्याबाबत

पुरवणी जबाब

मी, गल्लीत सीटवाली काकी म्हणून ओळखतात ती, वय ५८ वर्षे, धंदा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणे, शाळेत गेलेली नाही, वाचायला स्वतः शिकलेली, राहणार पाण्याच्या टाकीमागे, पत्र्याच्या शेडला लागून असलेलं घर, आज सकाळी साडेअकरा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती लेथ मशीनवर एकतीस वर्षं कामाला होते. मशीनच्या आवाजाने त्यांचे कान गेले. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांचे. शेवटी जाड आवाज तेवढा उरला, तोही कानाला नाही, पाठीला कळायचा. त्यांना हाक मारायची असली की मी जमिनीवर पाय आपटायची. "आलो, आलो, घर पाडू नकोस," असं ते म्हणायचे.

त्यांना गाण्याची फार हौस. जुनी गाडी घेतल्यावर त्यांनी चार स्पीकर आणले आणि डिकीत ठेवायचा सबवूफर आणला. सबवूफर म्हणजे फक्त जाड आवाज काढणारा मोठा डबा. त्याचा ठेका सीटमधून पाठीत उतरतो, असं त्यांना गॅरेजवाल्याने सांगितलं होतं. या सगळ्याला ताकद देणारा अॅम्प्लिफायर तेवढा राहिला होता. तो निवडायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं, कारण सबवूफरसोबत आलेली पुस्तिका मी वाचली होती. डब्यांवरची आणि पाकिटांवरची अक्षरं जुळवत मी वाचायला शिकले, त्यामुळे हाती येईल ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची मला खोड आहे.

आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काकी, हा न्या. दोन हजार वॉट. गल्ली हादरेल."

मी म्हणाले, "गल्लीने काय घोडं मारलंय? सतत किती वॉट देतो ते दाखवा. हा मोठा आकडा क्षणभराचा, खोक्यावर छापायचा."

आमच्या सबवूफरला चार ओहमवर सतत अडीचशे वॉट लागत होते आणि प्रत्येक स्पीकरला पन्नास. म्हणून पाच चॅनेलचा एकच अॅम्प्लिफायर मी काढायला लावला. चार चॅनेल स्पीकरना, पाचवा सबवूफरला. दुकानदार पतींना म्हणाला, "काका, यांना गल्ल्यावर बसवा, मी घरी जातो." पतींना ऐकू आलं नाही. मी त्यांच्या तळहातावर बोटाने २५० लिहिलं. ते म्हणाले, "तू वाचलंयस ना? मग झालं. बांध म्हणावं."

फिटरने तो डिकीत बसवला. वायरा लोंबत होत्या, त्या मी माझ्या पिवळ्या मेणदोऱ्याने आवळून बांधल्या. नंतर एका रविवारी दुपारी आम्ही आवाज लावून घेतला. पती पुढे ड्रायव्हरच्या सीटवर, पाठ टेकून, डोळे मिटून. मी डिकीपाशी वाकून, हातात बारीक स्क्रूड्रायव्हर. अॅम्प्लिफायरला आवाज कमीजास्त करायचे बारीक नॉब असतात. मी फिरवायची, ते हात वर करून सांगायचे. "अजून. अजून. केसभर मागे. आता नुसतीच धडधड येतेय, गाणं कुठंय?" असं दीड तास चाललं. माझी कंबर मोडली. मग ते एकदम म्हणाले, "बस. आता आलं. हात काढ." आणि गाणं संपेपर्यंत त्यांनी सीटवरून पाठ उचलली नाही.

नॉब जिथे थांबले तिथे खडूची खूण करते, असं मी त्यांना हातवारे करून सांगितलं. माझ्या एप्रनच्या खिशात खडू होताच. खूण केल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. ते म्हणाले, "कशाला? मी आहे ना सांगायला." मी खूण केली नाही.

त्यानंतर पाच महिन्यांनी ते वारले.

मला गाडी चालवता येत नाही. गाडी शेडमध्ये उभी असते. गॅरेजवाला बॅटरी चार्ज करून देतो. चोरी होईपर्यंत रोज संध्याकाळी काम आटोपल्यावर मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून तेच एक गाणं लावायची. माझे कान शाबूत आहेत, आणि कानाला आधी ऐकू आलं की पाठीला काय कळतंय ते समजत नाही. म्हणून मी कानात कापूस घालायची.

गेल्या महिन्याच्या चौदा तारखेला सकाळी सात वाजता मला डिकीचं कुलूप तोडलेलं दिसलं. अॅम्प्लिफायर नव्हता. सबवूफर आणि स्पीकर जागेवर होते. त्याच दिवशी मी तक्रार दिली.

आज मला बोलावून एक अॅम्प्लिफायर दाखवण्यात आला. तो जुन्या सामानाच्या दुकानदाराकडे मिळाला असं समजलं. कापलेल्या वायरांवरचा पिवळा मेणदोरा आणि गाठ माझी आहे. तो आमचाच आहे. मी नॉब पाहिले. सगळे शून्यावर होते.

ते जुन्या सामानाचे दुकानदार हजर होते. मी विचारल्यावर ते म्हणाले, "काकी, वस्तू विकायला मांडायची तर आधी सगळे नॉब खाली आणायचे. नाहीतर गिऱ्हाईक तसंच जोडतं आणि स्पीकर उडतो. आमच्या धंद्याची रीतच आहे ती." ते खरं बोलले. अॅम्प्लिफायरच्या पुस्तिकेत सहाव्या पानावर तसंच लिहिलं आहे. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. आधी नॉब किती वर होते, ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

साहेबांनी मला तेच विचारलं. मी खूण केली नव्हती असं सांगितलं. साहेब म्हणाले, "मावशी, अंदाजाने लावा ना. रोज ऐकत होता तुम्ही." मी दोन्ही कानांत बोटं घालून, पाठ खुर्चीला टेकून आठवून पाहिलं. टेबलावरचा पंखा चालू होता, तोच पाठीत येत होता. कळणारी पाठ त्यांची होती.

नुकसानीच्या रकान्यात नॉबबद्दल लिहावं अशी मी विनंती केली. साहेबांनी कागद उलटून पालटून पाहिला. म्हणाले, "मोडलेलं, फुटलेलं, जळलेलं असं लिहिता येतं. यातलं काय झालंय?" मी म्हणाले, यातलं काही झालेलं नाही.

लेखनिक जबाब वाचून दाखवायला लागले. मला वाचता येतं असं सांगून मी कागद मागून घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वतः वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणेच तो लिहिला आहे. शेवटच्या रकान्यात "वस्तू सुस्थितीत, नुकसान नाही" असं आहे. तेही बरोबर आहे. म्हणून खाली सही करते.