फिल्टरवरील अक्षर माझे आहे

पुरवणी जबाब
दिनांक २७/११/२०२५

मी, मधुसूदन केशवराव भोयर, वय ६७ वर्षे, धंदा सेवानिवृत्त शिक्षक, ग्राहक चळवळीत व्याख्याने देतो, राहणार नंदनवन, नागपूर.

कोणी बोलावले नसताना आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब लिहून देतो की, माझी पत्नी वच्छला, वय ६२ वर्षे, ही दिनांक १४ रोजी मौद्याच्या अलीकडे झालेल्या अपघातात मयत झाली. दिनांक १६ रोजीच्या जबाबात मी असे सांगितले होते की, सर्व्हिस सेंटरमधील मेकॅनिक शालिकराम नेवारे, वय ४१ वर्षे, यांनी माझ्या गाडीचा ऑइल फिल्टर सैल सोडला, त्यामुळे ऑइल गळून इंजिन जाम झाले. ते खरे नाही.

गाडी अकरा वर्षांची आहे. वॉरंटी संपल्यापासून तिचे इंजिन ऑइल मी स्वतः बदलतो. ज्याला स्वतःच्या वस्तूचे झाकण उघडायची भीती वाटते तो गिऱ्हाईक नसून गुलाम आहे, असे मी व्याख्यानांतून सांगत आलो. त्या वाक्याला टाळ्या पडतात.

दिनांक ९ रोजी, रविवारी, सकाळी ८ वाजण्याच्या सुमारास मी घराच्या आवारात ऑइल बदलण्यास घेतले. मुलगा ऋषी म्हणाला, "बाबा, शोरूमवाल्यायले देऊन टाका ना. या वयात काहून गाडीखाली घुसून राहिले?" मी म्हणालो की, तिथे काचेआड बसवून चहा पाजतात आणि आत काय करतात ते दिसू देत नाहीत. वच्छला पायरीवर बसून मेथी निवडत होती. ती म्हणाली, "घुसू दे गा त्यायले. गाडीखाली भाषण देता येत नाही. तेवढंच घर गप्प राहते." यावर आम्ही तिघेही हसलो.

फिल्टरच्या तोंडाशी रबराची एक रिंग असते. जुना फिल्टर काढताना ती कधी कधी इंजिनलाच चिकटून राहते. ती काढल्याशिवाय नवा फिल्टर बसवला तर एकावर एक दोन रिंगा येतात. हळू चालवताना ऑइल थोडे थोडे पाझरते आणि वेग वाढला की एकदम बाहेर पडते. ती जागा खालून दिसत नाही, बोट फिरवून पाहावी लागते. हे मी इतरांना शिकवले आहे. त्या दिवशी मी उजव्या हाताचे बोट फिरवले. रिंग लागली नाही. जुना फिल्टर उलटा करून पाहिला नाही. नवा बसवून त्यावर नेहमीप्रमाणे मार्करने तारीख घातली, म्हणजे कोणी बदलला तर मला कळावे.

विचारल्यावरून सांगतो की, मला अठरा वर्षांपासून मधुमेह आहे. सहा महिन्यांपासून बोटांची टोके बधिर आहेत. हे मी डॉक्टरांना किंवा मुलाला सांगितले नव्हते. माझ्या शर्टाची बटणे वच्छला लावून देत असे.

दिनांक १२ रोजी ब्रेकचा आवाज येऊ लागला. ते काम घरी होण्यासारखे नसल्याने गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. नेवारे यांनी गाडी वर उचलली व थोड्या वेळाने माझ्याकडे येऊन म्हणाले, "सर, फिल्टरपाशी ऑइलचा ओलावा दिसून राहिला. खोलून पाहतो. त्याचे पैसे नका देऊ."

मी म्हणालो, "मी केलेल्या कामाला हात लावायचा नाही. तुमचे धंदे मी ओळखतो." तिथे चार-पाच ग्राहक होते. त्यांतील एकाने मान डोलावली, त्यामुळे मी आणखी बोललो. नेवारे यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग इथं सही करून द्या, सर." गाडीच्या कामाची नोंद करतात त्या कार्डावर 'फिल्टर पाहण्यास ग्राहकाचा नकार' असे लिहिले होते. मी सही केली. ही गोष्ट मी पहिल्या जबाबात सांगितली नाही. मी ती विसरलो नव्हतो.

दिनांक १४ रोजी सकाळी १० वाजता मी व वच्छला मौद्याला निघालो. तिच्या भावाची मुलगी भूमिका हिचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होते. शहर सुटल्यावर मी वेग वाढवला. काही वेळाने वच्छला म्हणाली, "अहो, हा लाल दिवा कायचा लागला?" मी म्हणालो की, ऑइल मी स्वतः मोजून भरले आहे, दिव्याची वायर सैल असेल. ती म्हणाली, "थांबून पाहा ना. साक्षगंध काही पळून नाही जाऊन राहिलं."

मी थांबलो नाही. असले दिवे लावून कंपन्या माणसाला कसे घाबरवतात, हे मी तिला सांगू लागलो. अंदाजे पाच किलोमीटर सांगत होतो. बोलणे चालू असतानाच इंजिन बंद पडून गाडी रस्त्यातच थांबली. मागून ट्रक आला व डाव्या बाजूला धडकला. वेळ ११ वाजून १० मिनिटे. वच्छला डावीकडे बसली होती. तिच्या मांडीवर भूमिकाच्या साडीचा डबा होता. तो मला परत मिळाला आहे.

दिनांक १८ रोजी सर्व्हिस सेंटरच्या फाटकासमोर अंदाजे दोनशे लोकांपुढे मी भाषण केले. त्यात नेवारे यांचे नाव घेऊन त्यांना खुनी म्हटले. त्याचा व्हिडिओ पसरला. त्या दिवसापासून त्यांना कामावरून घरी बसवले आहे.

दिनांक २५ रोजी मोटार वाहन निरीक्षकांनी माझ्यासमोर फिल्टर खोलला. तो सैल नव्हता. त्यावरील तारीख माझ्या अक्षरात आहे. आत दोन रिंगा निघाल्या. जुनी रिंग निरीक्षकांनी माझ्या हातात दिली. मी डोळे मिटून बोटांनी चाचपली. बोटांत काही आहे असे मला कळले नाही.

वय व दुःख यामुळे गैरसमज झाला असे लिहू का, असे मला विचारण्यात आले. तसे लिहू नये. उद्या सकाळी ११ वाजता त्याच फाटकासमोर मी हे सर्व बोलणार आहे. तो जबाबाचा भाग नाही असे सांगण्यात आले, तरी लिहून घ्यावे अशी विनंती केली.

नेवारे यांना आज इथे बोलावलेले आहे. ते बाहेर बाकावर बसले आहेत. मी आलो तेव्हा त्यांनी उठून मला जागा दिली. मी बसलो नाही.

हा जबाब मला मराठीतून वाचून दाखवण्यात आला. 'मी केलेल्या कामाला हात लावायचा नाही' हे वाक्य मी पुन्हा एकदा वाचायला लावले. ते माझेच आहे. बाकीचेही मी सांगितले तसेच लिहिले आहे, बरोबर आहे.