प्रयोगशाळेचा काना

आमच्या नववीच्या तपासणीचं सांगतो. आम्ही तेव्हा वेल्ह्याकडं शिकत होतो. साहेब येणार म्हणून हेडमास्तरांनी 'माझी शाळा' हा निबंध फळ्यावर लिहून आमच्याकडून पाठ करून घेतला. शाळा म्हणजे ज्ञानमंदिर, वगैरे. पालीहून रोज चालत येणाऱ्या शेवंतानं मात्र वहीत स्वतःच्या मनानं लिहिला: 'शास्त्राला दोन वर्षं मास्तर नाहीत. प्रयोगशळेला कुलूप असते. आत हेडमास्तरांची भाताची पोती आहेत.'

साहेबांनी नेमकी तिचीच वही उचलली. हेडमास्तरांचा चेहरा उतरला. शेवंताही घाबरली. शाळेतून नाव काढलं, तर तिचा बा तिला पुन्हा कुठं धाडणार नव्हता.

साहेबांनी सगळं सावकाश वाचलं. मग लाल पेन काढून एका शब्दाभोवती गोल केला.

"मुली, प्रयोगशाळेतल्या 'शा'चा काना कुठं गेला?"

"त्यो माज्याकडनं न्हाई गेला, साहेब," शेवंता हळूच म्हणाली. "दारावरच्या पाटीवर हाय तसाच उतरवलाय म्या."

साहेब उठून पाटी बघून आले आणि हेडमास्तरांवर चांगलेच तापले.

पुढच्याच आठवड्यात रंगारी येऊन पाटीवर काना देऊन गेला. शास्त्राचे मास्तर मात्र आम्ही मॅट्रिक होईपर्यंत आले नाहीत.