सुतकातला सुगीचा रविवार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय भास्करराव, व्यासपीठावरच्या आपल्या पाहुण्या, इंग्लिश चर्चच्या रेव्हरंड मार्गारेट, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या चारुलताताई, त्यांची लेक नीना, आजीला न्यायला ड्रेस्डेनहून आलेली छोटी कुहू, आणि एस-बान लोकल बंद असतानाही बस बदलत बदलत इथे पोचलेले आपल्या स्टुटगार्टच्या मराठी मंडळातले सर्व स्नेही, आपणा सर्वांना शुभदाचा नमस्कार.

रेव्हरंड मार्गारेटना मराठी येत नाही. शेजारी ईप्सिता बसली आहे, ती त्यांना इंग्रजीत सांगते आहे. ईप्सिता, एक विनंती. आज मी जे बोलेन ते सगळं सांग. मध्ये काही अवघड वाटलं तरी गाळू नकोस.

या हॉलबद्दल मी काय सांगावं? आपले गणपती इथे बसले, आपली मुलं याच लाकडी स्टेजवर मराठी गाणी जर्मन उच्चारात म्हणाली. हॉल आणि शेजारचं प्रार्थनाघर मूळचं जर्मन चर्चचं. त्यांच्याकडून ते इंग्लिश चर्चने रविवारपुरतं घेतलं आणि इंग्लिश चर्चकडून आपण. म्हणजे आपण पाहुण्यांचे पाहुणे. आता इमारत विकली गेली आहे, पुढच्या वर्षी इथे फ्लॅट होतील. त्याबद्दल अध्यक्ष बोलतीलच. मी चारुलताताईंबद्दल बोलणार आहे.

नव्या मंडळींना माहीत नसेल. चारुलताताई मूळच्या मिरजेच्या. फिजिओथेरपिस्ट म्हणून इथे आल्या आणि त्सुफेनहाउझेनच्या मोटार कारखान्यात गिअरबॉक्सचं काम करणाऱ्या अॅलन व्हिटकोम्ब नावाच्या इंग्रजाशी त्यांनी लग्न केलं. अॅलन या चर्चचे वॉर्डन होते. आपल्याकडे कार्यवाह असतो ना, साधारण तसं. किल्ल्या त्यांच्याकडे, हीटिंग त्यांच्याकडे, आणि प्रार्थनेच्या वेळचा सगळ्यात खालचा, खर्जातला आवाजही त्यांचाच. चारुलताताई रविवारी सकाळी घरी देवांना फुलं वाहायच्या आणि मग अॅलनबरोबर येऊन खांबाजवळच्या बाकावर बसायच्या. आपल्यातलंच कोणीतरी एकदा त्यांना विचारलं होतं, "तुम्ही बाप्तिस्मा घेतलात का हो?" त्या म्हणाल्या, "मी नवऱ्याबरोबर जाते. धर्माबरोबर नाही."

या चर्चमध्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुगीची प्रार्थना असते, हार्वेस्ट फेस्टिव्हल. शेतात पिकलेलं देवापुढे ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी ते टाफेलला, म्हणजे गरजूंना अन्न वाटणाऱ्यांना, द्यायचं. आता स्टुटगार्टच्या नोकरदारांकडे कसलं शेत? लोक पास्त्याची पाकिटं आणि टोमॅटोचे डबे आणायचे. मातीतून आलेलं काही असलं तर ते अॅलनचं. रेल्वेलाइनच्या कडेला त्यांचा क्लाइनगार्टन होता, भाड्याने मिळतो तसला बागेचा तुकडा. त्यात काचेचं एक बुटकं खोपटं बांधून हा इंग्रज माणूस बायकोसाठी दुधी लावायचा. मेथी लावायचा. जूनपर्यंत थंडी गेली नाही की वेलींना जुनी स्वेटरं गुंडाळायचा. ते दुधी बटाट्यांच्या शेजारी वेदीच्या पायऱ्यांवर मांडले जायचे, आणि नव्या माणसांना "हे काय आहे" ते अॅलन मोठ्या अभिमानाने सांगायचे.

गेल्या वर्षी अॅलन गेले. आजार थोड्या दिवसांचा होता, उन्हाळ्यात सुरू झाला आणि सप्टेंबर संपता संपता संपला. शुक्रवारी गेले. त्या रविवारी सुगीची प्रार्थना होती.

शनिवारी मी भेटायला गेले तर घराला कुलूप. फोन उचलेनात. मी घाबरले आणि मग का कोण जाणे, बागेकडे वळले. चारुलताताई तिथे खोपट्यात होत्या. हातात कात्री. दुधी तोडून एकेक करून खाली पोत्यावर ठेवत होत्या.

मी म्हटलं, "ताई, हे काय करताय?"

"जून होतील गं. त्यांनी उद्यासाठीच ठेवले होते."

"पण तुम्ही उद्या जाणार आहात? अहो, आज नीना येतेय, घरी माणसं येतील..."

त्या थांबल्या. मला म्हणाल्या, "शुभदा, माणसं येतील, अरेरे म्हणतील, चहा घेतील, जातील. उद्या त्या बाकावर त्यांची जागा रिकामी दिसणार आहे. सगळ्यांना दिसणार. ती बघायला मीच नको?"

मी दुसरं पोतं उचललं.

रविवारी मीच त्यांना गाडीने आणलं. त्यांनी स्वतः पायऱ्यांवर दुधी मांडले. पहिलं गाणं सुरू झालं, आणि एका ओळीला सगळेच अडखळले. खालचा आवाज नव्हता. इतकी वर्षं त्या आवाजावर बाकीचे उभे होते, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. ऑर्गन थांबला. रेव्हरंड मार्गारेट काही बोलणार तेवढ्यात चारुलताताई म्हणाल्या, "प्लीज, पुढे म्हणा." मग लोकांनी पुढे म्हटलं, रडत, बेसूर.

आता अवघड भाग.

त्या संध्याकाळी आपली कोजागिरीच्या तयारीची बैठक इथेच होती. माझ्या सासूबाई, सरलाबाई, नाशिकहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि चारचौघांत म्हणाल्या, "नवऱ्याला अजून अग्नी मिळाला नाही आणि ही सुतकात चर्चमध्ये भाज्या मांडून सण करते? कसली बायको?" प्रदीप, तुझ्या आईबद्दल बोलतेय म्हणून असा दचकू नकोस. आईंची परवानगी घेतली आहे मी. त्यांनीच सांगितलंय की माझं नाव घेऊन बोल.

त्या वाक्याला कोणी हरकत घेतली नाही. काहींनी होकारार्थी माना हलवल्या. इथे अंत्यसंस्काराची तारीख मिळायला आठवडा-दीड आठवडा जातो, हे आपल्याला ठाऊक होतं. तरी ते वाक्य ग्रुपवर न लिहिता सगळ्या घरांत पोचलं. अॅलनच्या अंत्यविधीला आपण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होतो. ज्या माणसाने आपल्या गणपतीत पहाटे येऊन हॉल गरम करून ठेवला, त्याच्या अंत्यविधीला! दिवाळीचं निमंत्रण ताईंना गेलं नाही. "त्यांचं वर्ष चाललंय ना, बरं दिसत नाही," असं कारण निघालं. त्याही परत आल्या नाहीत.

या फेब्रुवारीत माझे सासरे गेले. आम्ही नाशिकला पोचलो. सासरे गल्लीतलं वाचनालय रोज सकाळी उघडायचे, किल्ली आमच्याच घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठल्या, किल्ली घेतली, चपला घातल्या. "लोक पेपरसाठी दाराशी उभे असतील. मी उघडून येते." जाऊबाईंनी दारातच हात धरला. "अहो, असं काय करता? लोक काय म्हणतील?"

आई मागे फिरल्या. किल्ली खुंटीला लावली आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसल्या. संध्याकाळी मला जवळ बोलावून म्हणाल्या, "मी नाही गेले. ती गेली होती." आणि पुढे म्हणाल्या, "तिला सांग. आणि चारचौघांत सांग. बोलले चारचौघांतच होते."

मी परत आल्यावर ताईंना सांगायला गेले. घर आवरणं चालू होतं. त्यांनी ऐकून घेतलं. वाटलं होतं, त्या रडतील, मिठी मारतील. तसं काही झालं नाही. म्हणाल्या, "तुझ्या सासूबाईंचं मला फार लागलं नाही गं. त्या निदान बोलल्या. बाकीचे नुसते आले नाहीत."

गेल्या महिन्यात या चर्चची शेवटची सुगीची प्रार्थना झाली. मी ग्रुपवर मेसेज टाकला होता. अंगठे भरपूर आले. माणसं आलो आम्ही तिघं: मी, प्रदीप आणि ईप्सिता. इंग्लिश मंडळीही थोडीच उरली आहेत. कोणी परत गेलं, कोणी वृद्धाश्रमात आहे. बागेचा तुकडा ताईंनी वसंतात फेरआइनला, म्हणजे बागवाल्यांच्या संघाला, परत केला, एकटीला झेपेना. त्यामुळे पायऱ्यांवर यंदा नुसती पाकिटं आणि डबे. रेव्हरंड मार्गारेट म्हणाल्या, यंदा आपल्याकडे मांडायला फारसं नाही, तरी आपण आलो, तेवढं पुरे मानू या. बाहेर पडताना ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "गेल्या वर्षी दुःख होतं, पण हातांना काम होतं. यंदा हात मोकळे."

उद्या सकाळी त्या नीनाकडे कायमच्या चालल्या आहेत. मी सत्काराचं विचारायला गेले तेव्हा म्हणाल्या, "शाल-नारळ नको. येईन. पण खुर्ची स्टेजवर ठेवू नका." म्हणून त्या खाली, दाराजवळ बसल्या आहेत.

अध्यक्षमहाराज, आपण मला बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. रेव्हरंड मार्गारेट, तुमच्या चर्चने आम्हाला इतकी वर्षं छप्पर दिलं, तुमचेही आभार. भाषण संपवताना काही चुकलं असेल तर माफ करा, असं श्रोत्यांना म्हणायचं असतं. आज ते मी श्रोत्यांना म्हणत नाही. चारुलताताई, आमचं चुकलं. हे मी मंडळाच्या वतीने म्हणते आहे, आणि ज्यांना मान्य नसेल त्यांनी आत्ताच उठून तसं सांगावं.

कोणी उठलं नाही, ताई. माफ करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. उत्तर आज द्यायलाच हवं असं नाही.