लाल शेरा

(१९६४. नंदुरबारच्या एका कॉलेजातली रसायनशाळा, प्रॅक्टिकल संपल्यानंतर. प्रा. खांबेटे, प्री-डिग्रीची विद्यार्थिनी तापी, आणि तिचे वडील नथ्थू पाटील, तापीकाठचे केळी-कापसाचे शेतकरी.)

तापी : नाही सर. मी माफी मागणार नाही.

खांबेटे : ऐका पाटील, ऐका. म्हणून तुम्हाला बोलावून घेतलं. आतापर्यंतचा एकही प्रयोग हिचा बरोबर नाही. सगळ्या वर्गाचं उत्तर एक येतं आणि हिचं भलतंच. प्रयोग न करता वहीत आकडे भरले की असंच होतं. म्हणून मी लाल शाईनं शेरा मारलाय, ‘आकडे खोटे’.

नथ्थू : सायेब, माले यामातलं काही समजस नही. तुमी शिकेल-सवरेल मानूस. पोरनं चुकनं व्हई ते मी सांगस तिले.

तापी : आबा, चुकनं व्हई ते मी हा म्हनसू. पन खोटं नही लिखं मी.

खांबेटे : हा शेरा प्राचार्यांकडे गेला की टर्म जाईल. परीक्षेला बसता यायचं नाही. मला काय त्यात आनंद आहे? अख्ख्या वर्गात एक मुलगी, तीही घरी गेली तर लोक मलाच नावं ठेवतील. तेव्हा मी म्हणतो, चुकलं म्हण, वर्गातल्या कुणाची तरी वही घे, त्यातले आकडे नीट उतरवून दे. पासापुरते मार्क देऊन टाकतो.

तापी : म्हणजे आता खोटं लिहायचं?

खांबेटे : बरोबर उत्तर लिहायचं.

तापी : दुसऱ्याचं. सर, मला खोटंच लिहायचं असतं तर मी जुळणारं लिहिलं नसतं का? शेजारच्या टेबलावर वही उघडीच पडलेली असते. न जुळणारं खोटं कोण कशाला लिहील?

खांबेटे : फार बोलतेस तू.

तापी : आजच विचारलंत, सर. एरवी कुणी विचारत नाही.

नथ्थू : तापी, सायेबसंगे असं बोलतस का? सायेब, माफ करा. तुमनी चिठ्ठी उनी तव्हयच मी समजनू. इन्ही पेटी मावशीना घरथीन लई उनू, गाडीवर ठेई दिन्ही शे. गावना लोके म्हनेतच, पोरले कसाले सायन्स. चाल बेटा, घर चाल.

तापी : आबा, मागला साल कापूसना जिनवर काय व्हयनं व्हतं?

नथ्थू : आते तो कापूस कसाले काढस मधमा?

तापी : सांगा ना सरले.

नथ्थू : सांगानं काय त्यामा. जिनवाला शेठ म्हने, बठ्ठा गावना कापूसमा वजननी घट उनी, तुमनी बी तितलीच लिखी लेस. मी म्हनं, मन्हा कापूस काटावर टाक, मंग लिख. तो नही म्हने. मी गाडी फिराई लिधी.

तापी : लोके म्हनेत, शेठनी माफी मांगी ल्या. मांगी का तुमी?

नथ्थू : नही मांगी.

खांबेटे : पाटील, कापूस वेगळा आणि केमिस्ट्री वेगळी.

नथ्थू : व्हई सायेब, वेगळीच व्हई. पन पोर मन्हीच शे. ती काही आयकाव नही. तुमले तरास नको, मी लई जास तिले. तापी, तुन्ही मायनी हाई पोटली धाडी व्हती. आते कसाले लागी ती? माघारी लई जाऊत.

खांबेटे : काय आहे त्यात?

नथ्थू : राख शे सायेब, केळना खांबनी. वाळाडीसन जाळतस. इन्ही माय धाडत ऱ्हास, भांडा घासाले.

खांबेटे : का? मावशीच्या चुलीत राख होत नाही?

तापी : मावशीकडे नाही लागत, सर. इथं लागते.

खांबेटे : इथं?

तापी : प्रयोगाचा काचेचा चंबू घासायला. मुलं आधी आपले उचलतात, माझ्या वाट्याला उरलेला येतो. भजी खाल्लेल्या हातांनी धरलेला, सगळा तेलकट. नुसत्या पाण्यानं ते तेल निघत नाही. केळीच्या राखेनं लगेच निघतं.

खांबेटे : आणि मग किती पाण्यानं धुतेस?

तापी : एकदाच विसळते. बादली एकच असते, माझी पाळी येईपर्यंत तळाला गेलेली.

खांबेटे : प्रत्येक प्रयोगाला?

तापी : प्रत्येक. आमच्या घरी तेलाचं भांडं राखेनं घासल्याशिवाय चुलीवर चढवत नाहीत.

खांबेटे : आण ती पोटली. या चंबूत चिमूटभर टाक. पाणी घाल, हलव. आता इंडिकेटर. एकच थेंब.

नथ्थू : आरे, यामा कोनी कुकू टाकं?

खांबेटे : कुणी नाही. पाटील, इथं चंबूत ॲसिड असतं. ते मरायला वरच्या नळीतून किती सोडा लागतो, तेवढंच मोजायचं. ॲसिड मेलं की पाणी असं गुलाबी होतं. तुमच्या राखेतही सोड्याचाच गुण.

तापी : म्हणजे थोडं ॲसिड राखेनंच आधी मारलेलं असायचं. म्हणून वरचा सोडा मला दर वेळी कमी लागायचा. जास्त कधीच नाही. सर, माझंच चुकलं.

खांबेटे : तुझंच. चंबू राखेनं घासू नये असं पुस्तकात लिहिलेलं नाही. कुणी घासेल असं लिहिणाऱ्याला वाटलं नसेल. मलाही नाही वाटलं.

नथ्थू : म्हंजे मन्ही बायकोनीच पोरले नापास कयं?

खांबेटे : तसं म्हणा. चला, मिटलं. कारण कळलं. मी पासापुरते मार्क टाकतो, शेरा राहू दे तसाच, प्राचार्यांना तोंडी सांगेन.

तापी : नको सर.

खांबेटे : आता काय नको?

तापी : मार्क नकोत. प्रयोग चुकलाय, शून्य द्या. पण ‘खोटे’ खोडा.

खांबेटे : शून्य ते शून्यच. एका शब्दानं काय फरक पडतो?

तापी : तुम्हाला नसेल पडत. त्या शब्दापायी माझी पेटी गाडीवर चढलीय. मी सगळे प्रयोग पुन्हा करते, चंबू नीट धुऊन. फक्त या वेळी प्रत्येकाला वेगळ्या ताकदीचं ॲसिड द्या, सर. मग बघा, तरीही कुणाकुणाचे आकडे एकमेकांशी जुळतात.

खांबेटे : कुणाचे जुळतील म्हणतेस?

तापी : ते मी सांगणार नाही. तुमचा वर्ग आहे, तुम्ही बघा.

खांबेटे : पाटील, घरीही अशीच बोलते का?

नथ्थू : घर ते याना परीस जास्ती.

खांबेटे : वही दे इकडे. हे बघ, खोडलं. ‘आकडे चूक’ लिहितो. शून्य. चालेल?

तापी : चालेल. पण सही करा, सर. खाडाखोड मी केली म्हणतील.

खांबेटे : केली सही. सोमवारी सगळ्यांच्या आधी ये, दुसरी बादली भरून ठेवायला सांगतो. आणि राख आणलीस तर बाहेर उभी करीन.

नथ्थू : मंग हाई पोटली मी घर लई जास, सायेब. तापी, चाल. गाडीवरथीन तुन्ही पेटी उतारी ले.