रेतीवरची कोरडी खुर्ची

मंडळी, बसा. मागे उभे आहात ते पुढे या. मला लांबचं दिसत नाही, आणि आज तुमची तोंडं मला दिसली पाहिजेत. ऑफिसातले आले, सिंदी मेघेचे शेजारी आले, आणि ज्यांच्या घरांना चाकं आहेत ते पाव्हणेही एवढ्या लांबून आले. बाहेर तुमच्या गाड्या अशा लागल्या आहेत की दूधवाला घंटी वाजवून थकला.

मी मधुकरची मोठी बहीण. जाम गावाजवळ माझी भाजीची वाडी आहे. मला अक्षर येत नाही. हे बोलणं काल नातीनं लिहून घेतलं, माझ्या भाषेला जराशी इस्त्री केली, आणि मी अडखळले तर सांगायला ती मागे उभी आहे. मोठ्या बहिणीनं धाकट्या भावासाठी असं उभं राहावं, हे उलटंच झालं. जीभ उचलत नाही. पण मी बोलले नाही तर माझं ओझं दुसरीच बाई जन्मभर वाहील.

मधुकर कसा होता? हट्टी होता. आमचा बाप वारा सुटला की छपरावर गोटे ठेवायचा, घर हलू नये म्हणून. आणि ह्यानं रिटायर झाल्यावर घरालाच चाकं लावली! एक जुनी मोठी गाडी घेतली, तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली. दर हिवाळ्यात नवरा-बायको जैसलमेरच्या पलीकडे रेतीत जायचे. तिथे अशाच गाडीवाल्यांचा मेळा जमतो. गाड्या गोल लावायच्या, मध्ये शेकोटी, आणि ज्यानं त्यानं आपल्या घरचं रांधून सगळ्यांना खाऊ घालायचं.

यंदा त्याच्या बायकोचा, आपल्या सुमनचा, गुडघा धरला. ती घरी राहिली. मग हा माझ्या मागे लागला.

"अक्का, तू काऊन येत नाई? रेती पाह्यली का कधी?"

"रेती पाहाले इतक्या दूर जाऊ? आपल्या वणा नदीत का कमी आहे?"

"नदीतली ट्रकात बसून जाते. तिथली जागेवर राहते. चाल!"

गेले. खोटं काऊन बोलू, मजा आली. मी सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळल्या, तर मोठमोठे साहेब ताटली धरून रांगेत. मधुकर सगळ्यांना सांगत फिरत होता, "माझी अक्का आहे, माझी अक्का." रात्री मात्र मी नागपूरच्या नंदाताईंच्या गाडीत निजायची. मधुकर असा घोरायचा की गाडी बंद केली तरी इंजिन चालू वाटावं. हे सांगून मी शेकोटीजवळ सगळ्यांना हसवलं. त्याच्याच गाडीत निजले असते तर? तर आज कदाचित ही सभा नसती.

आता खुर्चीचं ऐका. गाडीवाल्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगते. तिथे दार कोणी ठोकत नाही. गाडीसमोर खुर्ची मांडलेली दिसली, म्हणजे या, बसा. खुर्ची घडी करून गाडीखाली सरकवली, म्हणजे माणूस निजला आहे, त्याला त्रास देऊ नका. एवढा एकच कायदा, आणि सगळे तो पाळतात.

त्या संध्याकाळी फोनवर नवरा-बायकोचं वाजलं. हा म्हणाला, अजून दोन दिवस राहतो. सुमन म्हणाली, "तिकडंच राहा आता रेतीत, येऊच नका." कोणती बायको म्हणत नाही असं? मी तर माझ्या नवऱ्याला याच्याहून वाईट म्हटलं आहे, आणि तो म्हातारा होऊन सुखानं गेला.

पण सकाळी मधुकर गेला. आणि तुम्ही गाडीवाल्यांनी सुमनला सांगितलं की खुर्ची घडी केलेली होती, म्हणून कोणी पाहायला गेलं नाही. तेव्हापासून ती एकच धरून बसली आहे. "माझ्या बोलण्यानं खुर्ची घडी केली त्यांनी. माझ्यावर रागावून दार लावून घेतलं."

नाही, सुमन. बस, उठू नको. पहिले ऐकून घे.

खुर्ची मी उचलली.

उजाडताना उठले. बाहेर सगळं दहिवरानं भिजलं होतं. सतरंज्या, लाकडं, दोरीवरचे कपडे, सगळं. मधुकरच्या दारासमोर खुर्ची, रिकामी. मनात म्हटलं, साहेब रात्री विसरले वाटते. वाडीवर आम्ही टोपलं, विळा, बाज, काही उघड्यावर ओलं होऊ देत नाही. हात आपसूक गेला. घडी केली, गाडीखाली सरकवली आणि शेकायला गेले. कायदा माहीत होता मला. हाताला माहीत नव्हता.

थोड्या वेळानं नंदाताई चहा घेऊन निघाल्या. "दादा उठले नाहीत का?"

मी म्हणाले, "निजू द्या साहेबाले. नौकरीत निजला तेवढ्यानं त्याचं भागलं नाई."

सगळे हसले. चहा परत गेला.

ऊन चढल्यावर दार उघडलं. तो खाली पडला होता, दाराकडे तोंड करून. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. लवकर गेलो असतो तर वाचला असता का, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

आणि एक गोष्ट मी नातीलाही काल पहिल्यांदा सांगितली. उचलताना ती खुर्ची कोरडी होती. सगळं ओलं, आणि ती कोरडी. हाताला कळलं होतं, पण थंडी होती, मला शेकोटी दिसत होती. रात्रभर बाहेर असती तर भिजली नसती का? त्यानं ती तेव्हाच, उजाडता उजाडता मांडली होती. त्याला बरं वाटत नव्हतं. कोणीतरी यावं असं वाटत होतं. मी आले. आणि खुर्ची उचलून गेले.

सुमन, रागावलेला माणूस खुर्ची मांडत नाही. तुझा शब्द त्याला लागला नव्हता. लागलं ते माझं नीटनेटकेपण.

तेरवी होईपर्यंत मी गप्प राहिले. तू जेवत नव्हतीस आणि मी तुला भात वाढत होते, तोंड शिवून. ह्याची लाज मला खुर्चीपेक्षा जास्त आहे. जगभराची थट्टा करणारी मी, एवढं वाक्य बोलायला घाबरले.

मधुकर, मोठी असून तुझ्यापुढे वाकते.

मंडळी, आता आपण थोडा वेळ गप्प राहू. नंतर मी सुमनजवळ जाईन. तिनं तोंड फिरवलं तर फिरवू द्या. माझ्या वयाकडे पाहून कोणी तिला समजवायला जाऊ नका. तो तिचा हक्क आहे.

चला, उभे राहा. सुमन, तू नको. तू बसूनच राहा.