तीन बटणं, तीन माणसं

आज कॉम्प्युटर अडकला की तुम्ही एका हातानं तीन बटणं दाबून मोकळे होता. एकोणनव्वद साली साताऱ्यात आम्हाला त्यासाठी तीन माणसं लागायची!

आमच्या कारखान्यात नवाकोरा कॉम्प्युटर आला होता. मालक पाहुण्यांना तो दाखवायला निघाले आणि नेमका तेव्हाच तो ठप्प झाला. पुण्याचा इंजिनियर फोनवर म्हणाला, "तीन बटणं एकदम दाबा." पण हात लावायची कुणाची छाती होईना. शेवटी पलटणीतून रिटायर होऊन आमच्या गेटवर आलेले सुभेदार पुढं झाले.

"तिघं या रं! एकेक बोट ठेवा. हुकमाबिगर दाबायचं न्हाई."

आम्ही तीन कारकून चपला काढून सावधानमध्ये उभे.

"एक, दो... दाब!"

मशीन सुरू! मग तोच रिवाज पडला. एक जण रजेवर गेला, की कॉम्प्युटरलाही रजा.

महिन्याभरानं इंजिनियर आला. एका हातानं तिन्ही बटणं दाबून खदाखदा हसला. "एवढ्याला तीन माणसं?"

सुभेदार शांतपणे म्हणाले, "सायेब, एकट्यानं दाबलं आन मशीन बिघडलं, तर त्यो एकटा मरतोय. तिघांनी दाबलं, की कुणीच दाबल्यालं नसतंय."